पाच मिनिटांच्या फिल्मचे गिऱ्हाईक

खानदेशात अ‍ॅनिमेशन का रुजले नाही, याचे ठरलेले उत्तर असे: कापूस आणि केळीच्या या मुलखात असल्या कलेला हात कुठले आणि पैसा कुठला? यातला हातांचा भाग साफ चुकीचा आहे. जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावला, रेल्वे स्टेशनजवळच्या बंगल्यात, छायाचित्रकार केकी मूस (1912–1989) यांनी पन्नासएक वर्षे टेबलावर जग उभे केले. मूस मुंबईच्या पारशी घरातले. 1930 च्या दशकात त्यांनी इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या बेनेट कॉलेजात शिक्षण घेतले, परत आले आणि चाळीसगावला जे बसले ते शेवटपर्यंत. त्यांच्याविषयी बोलताना लोक पंजाब मेलने येईल म्हणून वाट पाहिलेल्या प्रेयसीची गोष्ट रंगवून सांगतात. टेबलाचा विषय मात्र दोन वाक्यांत आटोपतो. खरे तर सांगण्यासारखे तेच आहे. टेबल-टॉप फोटोग्राफीत घरातल्या वस्तूंतून देखावा रचायचा असतो. पसरलेले मीठ म्हणजे बर्फ, पिंजलेला कापूस म्हणजे धुके, वाळकी काडी म्हणजे पानगळीतले झाड. कॅमेरा टेबलाच्या पातळीवर उतरवला की वीतभर काडी आभाळाला टेकते. दिवा खाली आणला की सावल्या लांबतात आणि संध्याकाळ होते, वर नेला की दुपार. ही नजर आणि हा धीर म्हणजे बाहुल्यांच्या अ‍ॅनिमेशनचे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम म्हणजे ती काडी केसभर हलवून पुन्हा फोटो घ्यायचा आणि हे हजारो वेळा करायचे. सेकंदाला 24 चौकटी लागतात. एक मांडणी दोन चौकटींना पुरवली, तरी पाच मिनिटांच्या फिल्मला 3,600 मांडण्या होतात.

आता ज्या देशात मूस शिकले, तिथे याच काळात काय घडत होते ते पाहू. ब्रिटनच्या छोट्या अ‍ॅनिमेशन फिल्मांना ‘स्वतंत्र’ म्हणण्याची रीत आहे, आणि एका अर्थी ती बरोबरही आहे. एकदोन माणसे, एखादी खोली, गाजलेल्या स्टुडिओंचा आधार नाही. ऑलिव्हर पोस्टगेट आणि पीटर फर्मिन यांनी कँटरबरीजवळ गुरांच्या रिकाम्या गोठ्यात फिल्मा केल्या. पण पैशाच्या बाजूने पाहिले तर यातले जवळपास कोणीच स्वतंत्र नव्हते. लेन लाय या कलावंताने 1935 मध्ये कॅमेऱ्याशिवाय, थेट फिल्मच्या पट्टीवर रंगवून ‘अ कलर बॉक्स’ केली, ती ब्रिटिश टपाल खात्याच्या फिल्म युनिटने लोकांपुढे आणली. म्हणून त्या रंगांच्या नाचाच्या शेवटी पार्सलचे दर येतात. पोस्टगेट-फर्मिन यांचे गिऱ्हाईक बीबीसी होते. 1982 मध्ये ‘चॅनल फोर’ ही वाहिनी सुरू झाली आणि तिने छोट्या फिल्मा मागणी देऊन करवून घ्यायला सुरुवात केली. ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओतल्या निक पार्कची ‘क्रिएचर कम्फर्ट्स’ ही मातीच्या प्राण्यांची पाच मिनिटांची फिल्म 1989 मध्ये या वाहिनीसाठीच झाली आणि पुढे तिला ऑस्कर मिळाले. मूस वारले तेही 1989 मध्येच, 31 डिसेंबरला. ब्रिटनमध्ये प्रतिभा जास्त पिकत होती असे मानायला आधार नाही; तिथे पाच मिनिटे विकत घेणारे कोणीतरी होते.

यावर पहिला आक्षेप दादासाहेब फाळक्यांचे नाव घेऊनच येईल. 1912 मध्ये लंडनहून परतल्यावर त्यांनी इंग्लंडहूनच मागवलेल्या कॅमेऱ्याने कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचे अंकुर रोज थोडेथोडे टिपले आणि मिनिटभराची ‘अंकुराची वाढ’ तयार केली. पुढे नाशिकला काड्यापेटीतल्या काड्या नाचवणारी ‘आगकाड्यांची मौज’ही केली. त्यांना कोणी गिऱ्हाईक होते का? होते की. वाटाण्याची फिल्म भांडवल मिळवण्यासाठी दाखवायची होती, आणि ती पाहून पैसे मिळालेही. त्यातून 1913 चा ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. आगकाड्या मोठ्या चित्रपटाच्या जोडीला तोंडी लावण्यापुरत्या. मोठा खेळ हाताशी असताना छोट्याला कोणी स्वतंत्र दाम मोजत नसते. नंतरच्या काळात देशात एकच भरवशाचा घेणारा उरला, तो म्हणजे सरकारची फिल्म्स डिव्हिजन. तिच्या लघुपट थिएटरांना सक्तीने दाखवावे लागत. 1956 मध्ये डिस्नेचे क्लेअर वीक्स यांनी तिथल्या कार्टून विभागाला शिकवले आणि राम मोहन यांच्यासारखी माणसे तिथून घडली. पण हे सगळे मुंबईत, पगारी नोकरीत. चाळीसगावहून मुंबईला थेट गाडी होती. टेबलावरच्या कामाला तिथून मागणी येण्याची सोय नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. मूस यांना हालचाल हवी होती, असे कशावरून? कशावरूनच नाही. स्थिर चित्र हीच त्यांची निवड असेल, आणि तिच्यात काही उणे नाही. मुद्दा मूस यांच्याविषयी नाही, मूस यांच्यानंतर आलेल्यांविषयी आहे. एक माणूस स्वतःच्या हौसेवर आणि घरच्या आधारावर पन्नास वर्षे काढू शकतो. त्याच्या शेजारचा मुलगा तेच काम पोटासाठी करू शकतो का, यावर परंपरा ठरते.

तिसऱ्या आक्षेपात मालेगावचा दाखला दिला जाईल. आज ते नाशिक जिल्ह्यात असले तरी 1869 पर्यंत खानदेशातच होते. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 मध्ये ‘मालेगाव के शोले’ केला, पुढे हिरव्या पडद्यापुढे सुपरमॅनही उडवला, आणि तेही अनुदानाशिवाय. पण यंत्रमागावर राबून सुट्टीच्या दिवशी सिनेमाला गर्दी करणारा मालेगावचा प्रेक्षक हा त्यांचा घेणारा होता. त्याला पूर्ण लांबीचा, ओळखीच्या कथेचा खेळ हवा होता, म्हणून तसलाच सिनेमा झाला. आज खानदेशातल्या पोरांचे विनोदी व्हिडिओ यूट्यूबवर कोट्यवधी लोक पाहतात. तिथेही मागणीच ठरवते: वारंवार टाका, भरपूर टाका. दिवसभर खपून पाच सेकंद हाती येणारी फिल्म त्या बाजारात कशी टिकणार? कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे, तरी जळगाव-धुळ्याकडून अशी फिल्म येत नाही, त्यामागचे कारण हे आहे.

तेव्हा प्रशिक्षण शिबिरे आणि सत्कार पुरे झाले. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने, जळगाव किंवा धुळ्याच्या महापालिकेने किंवा एखाद्या सधन सहकारी बँकेने दरवर्षी खानदेशच्या अहिराणी बोलीतली पाच मिनिटांची एकच अ‍ॅनिमेशन फिल्म रोख दाम देऊन विकत घ्यावी, विषय करणाऱ्यावर सोडावा, आणि हे दहा वर्षे न चुकता करावे.