बेग द क्वेश्चन

इंग्रजी लेखनात वारंवार येणारा आणि बहुधा मूळ अर्थ सोडून वापरला जाणारा वाक्प्रयोग. जे सिद्ध करायचे तेच युक्तिवादात आधी गृहीत धरणे, हा त्याचा तर्कशास्त्रातला अर्थ. ‘हा माणूस खोटे बोलत नाही, कारण त्याने स्वतःच तसे सांगितले आहे’ या वाक्यात हा दोष उघड दिसतो. छापील लेखात तो सहसा एवढा उघडा येत नाही. ‘हा कायदा अन्याय्य आहे, कारण तो लोकांचे न्याय्य हक्क हिरावतो’ असे लिहिले की कारण दिल्यासारखे वाटते. पण ते हक्क न्याय्य आहेत का, वाद नेमका त्याचाच असतो.

ही कल्पना ॲरिस्टॉटलची (इ. स. पू. ३८४–३२२). त्याच्या काळच्या वादपद्धतीत एक जण प्रश्न विचारी आणि प्रतिपक्षाकडून एकेक विधान कबूल करून घेत निष्कर्षाकडे जाई. वादाचे मूळ विधानच ‘मान्य करा’ म्हणून मागणे हा तिथे दोष होता. लॅटिनमध्ये त्याला ‘पेतीतिओ प्रिन्सिपी’ म्हणत. इंग्रजी रूप सोळाव्या शतकातले. त्यात ‘बेग’ म्हणजे पुराव्याशिवाय मान्यता मागणे आणि ‘क्वेश्चन’ म्हणजे वादविषय. आजच्या वाचकाला या शब्दांचे हे अर्थ सुचत नाहीत आणि घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे.

भारतीय न्यायदर्शनातला ‘साध्यसम’ हा हेत्वाभास (सदोष कारण) या तर्कदोषाच्या जवळचा आहे, मात्र तंतोतंत तोच नव्हे. तिथे हेतूच, म्हणजे दिलेले कारणच, साध्याइतका, म्हणजे सिद्ध करायच्या गोष्टीइतका, असिद्ध असतो. भाष्यकार वात्स्यायनाचे उदाहरण सावलीचे आहे: सावली चालते, म्हणून ती द्रव्य होय. पण सावली खरोखर चालते, हे आधी सिद्ध करायला हवे! तर्कदोष समजावणारे इतके नेटके उदाहरण विरळा.

इंग्रजी वृत्तपत्रांत आज हा प्रयोग ‘असा प्रश्न उभा राहतो’ या अर्थाने सर्रास येतो आणि कोशांनीही तो अर्थ नोंदवला आहे. ‘मूळ प्रश्नाला बगल देणे’ हा तिसरा अर्थही आढळतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. प्रयोगामागोमाग प्रत्यक्ष प्रश्न लिहिला असेल, तर अर्थ नवा. एखाद्या युक्तिवादाला उद्देशून तो आला आणि पुढे प्रश्न नसेल, तर बहुधा जुना. एच. डब्ल्यू. फाउलरच्या ‘अ डिक्शनरी ऑफ मॉडर्न इंग्लिश युसेज’ (१९२६) या ग्रंथातही हा दोष तर्कशास्त्रीय अर्थानेच समजावला आहे.

नवा अर्थ रूढ झाला असला, तरी तो वापरण्याची गरज नाही. ‘रेझ द क्वेश्चन’ हा निःसंदिग्ध पर्याय इंग्रजीत आहेच. इंग्रजीत शोधनिबंध किंवा अर्ज लिहिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने प्रश्न उपस्थित करायचा असेल तिथे तोच वापरावा. तर्कदोष दाखवायचा असेल तिथे मात्र ‘बेग द क्वेश्चन’ लिहून न थांबता, कोणती गोष्ट पुराव्याविना गृहीत धरली आहे, हे पुढच्याच वाक्यात सांगावे.