एकशिंग्या राजाचं माप

अलिबागच्या बाजारात सुरमईचं नुसतं डोकं पाहून कोळीण सांगते, मासा केवढा होता. तिचा अंदाज सहसा चुकत नाही, कारण अख्ख्या सुरमया तिच्या हाताखालून रोज गेलेल्या असतात. डायनासोर मोजणाऱ्याची पंचाईत इथेच होते. त्याच्यापुढे हाडं असतात, पण अख्खा मासा कुणीच पाहिलेला नसतो.

अलिबाग ते मुरूड या किनाऱ्यावर हाडंही मिळायची नाहीत. कुलाबा किल्ल्याचे चिरे ज्या काळ्या पाषाणाचे, तो पाषाण म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा. सह्याद्रीत त्याच्या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरहून जास्त भरते, आणि पनवेलच्या पट्ट्यापासून हे थर समुद्राकडे कललेले आहेत. डायनासोरांच्या पायाखालची माती बघायची तर लाव्हाच्या कडेला जावं लागतं: जबलपूरला, चंद्रपूरजवळच्या पिसदुऱ्याला, किंवा गुजरातेत बालासिनोरजवळच्या रहियोलीला. या मातीच्या थरांना ‘लमेटा’ म्हणतात.

रहियोलीची गोष्ट सिमेंट कंपनीच्या खाणीतून सुरू झाली. १९८१ साली खाणकामगारांनी भूवैज्ञानिकांच्या हाती चुनखडीचे गोल गोळे ठेवले. ती डायनासोरांची अंडी निघाली. पुढे १९८२ ते १९८४ या काळात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी तिथली हाडं गोळा केली आणि कुठलं हाड कुठे पडलं होतं याचा नकाशा काढून ठेवला. या नकाशाचं मोल कळायला वीस वर्षं लागली. अनेक जनावरांच्या हाडांच्या पसाऱ्यातून एकाच जनावराचा सांगाडा वेगळा काढता आला: कवटीचा मागचा भाग, मणके, कंबर, पाय, शेपटीचा तुकडा. २००३ साली जेफ्री विल्सन, पॉल सेरेनो, श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी त्याचं बारसं केलं, ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’. नर्मदेचा राजेशाही सरडा. कपाळावर एकच बुटकं, बोथट शिंग, आणि आहार मांसाचा.

नकाशा नसला की काय होतं, ते जबलपूरला आधीच दिसलं होतं. चार्ल्स मॅटली यांनी तिथे कंबरेची हाडं, पायाचं हाड आणि चिलखतासारख्या चकत्या एकत्र धरून ‘लमेटासॉरस’ नावाचा चिलखती शाकाहारी उभा केला. हाडं निघाली मांसाहाऱ्याची, चकत्या दुसऱ्याच कुणाच्या! राजासॉरसच्या मादागास्करमधल्या भाऊबंदाचंही असंच झालं. त्याच्या कपाळावरचा उंचवटा पाहून १९७९ साली त्याला घुमटाकार डोक्याच्या शाकाहाऱ्यांत घातलं गेलं. नंतर कळलं की हा तर मजुंगासॉरस, पक्का शिकारी.

आता माप. २००३ साली राजासॉरसची लांबी २५ ते ३० फूट सांगितली गेली, म्हणजे साधारण साडेसात ते नऊ मीटर. २०१० साली ग्रेगरी पॉल यांनी ती ११ मीटरवर नेली आणि वजन चार टन ठरवलं. अवघ्या काही वर्षांत, ग्रिलो आणि देलकोर्त या संशोधकांच्या हिशेबात, तोच राजा ६.६ मीटरवर आला. मधल्या काळात रहियोलीचं एकही हाड आखडलं नव्हतं.

बदलली होती ती पट्टी. शितावरून भाताची परीक्षा होते, पण पातेलं केवढं होतं हे शीत सांगत नाही. त्यासाठी घरातली इतर पातेली माहीत असावी लागतात. कवटीचा एक भाग किंवा एक मणका मोजायचा आणि सांगाडा बराचसा पूर्ण असलेल्या नातेवाइकात त्या भागाचं एकूण लांबीशी काय प्रमाण आहे, ते पाहायचं. नातेवाईक चुकीचा निवडला की सगळं गणित फसतं. ग्रिलो आणि देलकोर्त यांनी प्रमाणं राजासॉरसच्याच कुळातून घेतली. यात लांबीपेक्षा वजनाची घसरगुंडी मोठी. ११ वरून ६.६ म्हणजे लांबी ६० टक्के उरली. शरीराचा आकार तोच धरला तर घनफळ मात्र जेमतेम २२ टक्के. चार टनांचा राजा या हिशेबाने टनाच्याही आत येतो.

हा हिशेब मांडणाऱ्या त्यांच्या निबंधातच या कुळाच्या नव्या राजाची घोषणा होती: ब्राझीलचा पिक्नोनेमोसॉरस, ८.९ मीटर. त्याचे काही दात, शेपटीचे मणके, कंबरेचा तुकडा आणि पायाची हाडं मिळाली आहेत. कवटी सापडलेली नाही.