सीताफळाच्या बियांतील ॲसिटोजेनिने

सीताफळाच्या बियांतील ॲसिटोजेनिने ही सीताफळ (ॲनोना स्क्वॅमोसा) या झाडाच्या बियांमध्ये, तसेच कमीअधिक प्रमाणात साल व पाने यांमध्ये आढळणारी मेणासारखी विषारी संयुगे होत. ग्रामीण महाराष्ट्रात उवा मारण्यासाठी सीताफळाच्या बियांची पूड पिढ्यान्‌पिढ्या वापरली जाते. या पुडीच्या कीटकनाशक गुणाचे एक प्रमुख कारण ही संयुगे मानली जातात. हीच पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. त्यामुळे या संयुगांचा अभ्यास औषध आणि विष या दोन्ही अंगांनी केला जातो.

== बीड जिल्हा आणि सीताफळ ==

बालाघाटच्या डोंगररांगा बीड जिल्ह्यातून जातात. तेथील हलक्या, मुरमाड जमिनीत आणि कमी पावसात सीताफळाची झाडे रानोमाळ उगवतात. शेळ्या त्यांच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, म्हणून चराऊ रानातही ती टिकून राहतात. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र याच जिल्ह्यात अंबाजोगाई येथे आहे.

झाड मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील असल्याने त्याच्या औषधी उपयोगाचे ज्ञान प्राचीन आयुर्वेदीय संहितांपेक्षा लोकव्यवहारात अधिक सापडते. उवांसाठी बियांची पूड खोबरेल तेलात कालवून केसांच्या मुळांशी लावतात. गुरांच्या जखमेत अळ्या पडल्यास पाल्याचा लगदा भरतात. पिकांवर फवारण्याच्या दशपर्णी अर्कात कडुनिंब, निर्गुडी, करंज यांच्याबरोबर सीताफळाचा पालाही घालतात. हे तिन्ही उपयोग किडे मारण्याचे आहेत, हे लक्षणीय आहे. रसायनशास्त्राने पुढे जे सिद्ध केले त्याची दिशा या व्यवहारात आधीच दिसते.

== रासायनिक स्वरूप ==

ॲसिटोजेनिने ही मेदाम्लांपासून वनस्पतीत तयार होणारी लांब साखळीची संयुगे असून त्यांत सामान्यतः ३५ किंवा ३७ कार्बन अणू असतात. साखळीच्या एका टोकाला लॅक्टोनचे वलय असते व मध्यभागी बहुधा एक किंवा दोन टेट्राहायड्रोफ्युरान वलये असतात. या गटातील पहिले संयुग, युव्हॅरिसिन, १९८२ मध्ये सीताफळाच्याच कुळातील एका आफ्रिकी वनस्पतीपासून वेगळे करण्यात आले. सीताफळाच्या बियांपासून स्क्वॅमोसिन हे संयुग वेगळे केल्याचे जपानी संशोधकांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर या कुळातून अशी शेकडो संयुगे नोंदली गेली आहेत.

== निष्कर्षण ==

बी टणक कवचाची असते. अख्खी गिळली गेल्यास ती बहुधा तशीच बाहेर पडते. विषारी द्रव्य मोकळे होते ते बी फुटल्यावर. प्रयोगशाळेत बिया धुऊन, सावलीत वाळवून भरडतात. पुडीत सुमारे २० ते ३० टक्के तेल असते, ते हेक्झेन किंवा पेट्रोलियम ईथरने काढून घेतात. उरलेला चोथा इथेनॉल किंवा मिथेनॉलमध्ये भिजवतात आणि गाळलेल्या द्रावणातील द्रावक कमी दाबाखाली, बेताच्या उष्णतेवर उडवून लावतात. मागे उरतो तो चिकट, गडद रंगाचा कच्चा अर्क. विद्राव्यतेतील फरकाचा उपयोग करून त्याचे भाग पाडतात व प्रत्येक भागाची परीक्षा घेऊन जो भाग प्रभावी ठरेल तोच पुढे शुद्ध करतात. चाचणीच्या मार्गदर्शनाने शुद्धीकरण करण्याची ही पद्धत सर्वच वनौषधींच्या संशोधनात वापरली जाते.

अंतिम शुद्धीकरण सिलिका जेलच्या स्तंभातून व उच्चक्षमता द्रव क्रोमॅटोग्राफीने होते. येथे अडचणी फार येतात. ॲसिटोजेनिने अतिनील प्रकाश फारसा शोषत नाहीत, त्यामुळे उपकरणाला ती सहज दिसत नाहीत. पातळ थराच्या पट्टीवर केडे अभिकर्मक फवारल्यास असंपृक्त लॅक्टोन असलेल्या संयुगांचे ठिपके गुलाबी होतात. ही जुनी, साधी खूण आजही उपयोगी पडते. शिवाय एकाच बीमध्ये अनेक संयुगे असतात आणि त्यांतील काहींमध्ये फरक असतो तो केवळ एखाद्या अणुगटाच्या अवकाशीय मांडणीचा.

== परीक्षण ==

प्राथमिक चाचणीसाठी आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राण्याची पिल्ले वापरतात. त्याची अंडी मिठाच्या पाण्यात सुमारे दोन दिवसांत उबतात. अर्काच्या निरनिराळ्या सौम्यतेच्या नळ्यांत ठरावीक संख्येने पिल्ले सोडून २४ तासांनी किती मेली ते मोजतात. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८२ मध्ये मांडलेली ही चाचणी स्वस्त असल्याने भारतातील अनेक महाविद्यालयांत केली जाते. मात्र ती विषारीपणा मोजते, औषधीपणा नव्हे. निकाल वाचताना हा भेद अनेकदा विसरला जातो.

ॲसिटोजेनिने पेशीतील तंतुकणिकांमध्ये ऊर्जानिर्मितीच्या साखळीचा पहिला टप्पा रोखतात. ऊर्जा न मिळाल्याने कीटक मरतो. कर्करोगाच्या पेशीही काचपात्रात मरतात. सीताफळाचा पाला कर्करोग बरा करतो, हा सर्वत्र पसरलेला दावा त्यातूनच निघाला. परंतु हाच टप्पा माणसाच्या निरोगी पेशींतही असतो. या गटातील एकही संयुग कर्करोगावरील मान्यताप्राप्त औषध झालेले नाही. कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर मामफळ (लक्ष्मणफळ) व त्याच्या पानांचा काढा नियमित घेणाऱ्यांमध्ये कंपवातासारखा, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा विकार अधिक आढळतो, असे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे ॲनोनॅसिन हे ॲसिटोजेनिन शिरेवाटे दिलेल्या उंदरांच्या मेंदूतील चेतापेशींचा ऱ्हास झाल्याचे दिसले. माणसांमधील कार्यकारणसंबंध मात्र निर्विवाद ठरलेला नाही.

उवांबाबतचा पुरावा अधिक थेट आहे. थायलंडमधील संशोधकांनी बियांच्या अर्कापासून केलेले मलम उवांवर प्रभावी ठरल्याचे २००० मध्ये नोंदविले. तेथेच नंतर झालेल्या एका अभ्यासात उवा मारणारे घटक म्हणून तेलातील ओलेइक आम्ल व एक ट्रायग्लिसराइड पुढे आले. म्हणजे निष्कर्षणाच्या आरंभी जे तेल बाजूला काढले जाते, त्यातही गुण असू शकतो.

== धोके ==

पूड लावलेल्या डोक्यावरून पाणी किंवा घाम ओघळून डोळ्यांत गेल्यास तीव्र आग, लाली, पाणी येणे व पारपटलाला जखम होते. भारतातील नेत्रतज्ज्ञांनी अशा रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या आहेत. डोळा तत्काळ भरपूर स्वच्छ पाण्याने धुणे व विनाविलंब नेत्रतज्ज्ञाकडे जाणे आवश्यक असते. लहान मुलांच्या डोक्याला ही पूड लावणे विशेष धोक्याचे आहे, कारण मुले डोळे चोळतात. गर्भपातासाठी बियांचा केला जाणारा वापर घातक आहे.

== नियमन ==

वनस्पतीच्या शुद्ध व प्रमाणित अर्कापासून औषध करण्यासाठी भारतात २०१५ पासून फायटोफार्मास्युटिकल हा स्वतंत्र वर्ग आहे. अशा अर्कातील किमान चार घटकांची ओळख व प्रमाण ठरवावे लागते आणि सुरक्षिततेची माहिती सादर करावी लागते. घरगुती पुडीत यांपैकी काहीच निश्चित नसते: बी कोणत्या झाडाची, किती जुनी, किती बारीक दळलेली, यावर तिची तीव्रता बदलते. बासुंदी, रबडी व आइस्क्रीमसाठी गर काढणाऱ्या उद्योगात बिया मोठ्या प्रमाणावर उरतात. त्यांपासून कीटकनाशक करता येते. पण भरडताना उडणारी धूळ कामगारांच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून तेथे संरक्षक चष्मा लागतो.