बुढा चयला

आमच्या सुलतानपुरात, म्हणजे बुलढाण्याच्या लोणार तालुक्यात, या आजाराला एकच शब्द आहे: 'चयला'. मूळ शब्द 'चळला', वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. 'बुढा चयला' म्हटलं की निदानही झालं आणि उपचारही संपले. पुस्तकी मराठीतला त्याचा भाऊ 'म्हातारचळ', आणि दोघांची आवडती म्हण 'साठी बुद्धी नाठी'.

या म्हणीची मला गंमत वाटते. 1901 ते 1911 या दशकात भारतातलं सरासरी आयुर्मान पंचवीसच्या खाली होतं. त्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा होता हे खरं, पण साठी पाहणारे थोडेच होते, आणि हा आजार तर बहुतेकांना त्याच्याही बऱ्याच नंतर गाठतो. म्हणजे गावात रुग्ण मोजके होते, तरी त्यांच्यावरचा शेरा मात्र तयार होता.

त्याच काळात, नोव्हेंबर 1901 मध्ये, जर्मनीत फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर ही 51 वर्षांची बाई दाखल झाली. डॉक्टर होते आलोइस अल्झायमर. 1906 मध्ये ती वारली. अल्झायमरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि त्याच नोव्हेंबरात ट्यूबिंगनच्या सभेत निष्कर्ष मांडले. 1910 मध्ये एमिल क्रेपेलिनने आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला अल्झायमरांचं नाव दिलं. मला मात्र त्या मेंदूपेक्षा तिची फाइल जास्त खेचते. ती 1995 साली फ्रँकफर्टमध्येच सापडली. तुमचं नाव काय, नवऱ्याचं नाव काय, आत्ता काय खाताय, असे साधे प्रश्न, आणि तिने दिलेली उत्तरं, चुकीची असली तरी जशीच्या तशी. 'चयली' म्हणून सोडून दिलेल्या बाईची उत्तरं कोणी अशी लिहून ठेवत नाही.

आपल्याकडे डॉक्टर 'स्मृतिभ्रंश' म्हणतात. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे, पण तिथे तो क्रोधातून सुरू झालेल्या अधःपतनाची पायरी आहे. शब्द भारदस्त आहे, पण दोषाचा वास त्यालाही येतोच.

जपानने 2004 मध्ये सरकारी पातळीवर शब्दच बदलला. जुना 'चिहो', त्याची दोन्ही अक्षरं मूर्खपणाकडे बोट दाखवणारी. नवा 'निन्चिशो', म्हणजे आकलनाशी संबंधित विकार. कोडमध्ये व्हेरिएबलचं नाव बदलून प्रोग्रॅम बदलत नाही, पण इथे ऐकणारा माणूस असतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी 1997 च्या पुस्तकात हेच मांडलं: माणसाची घसरण नुसती मेंदूमुळे होत नाही. त्याला घाई करणं, खोडून काढणं, तो समोर असताना तो नसल्यासारखं बोलणं, यानेही ती होते.

आमचे आबा संध्याकाळी उठून बैलांना पाणी दाखवायला निघायचे. बैल विकून कितीतरी वर्षं झाली होती. घरातलं कोणीतरी सांगायचं, "आबा, बैल इकले ना!" आणि आबांना ती बातमी दर वेळी नवीन. ते ओट्यावर बसून रडायचे. काकू मात्र म्हणायची, "पाजलं म्या पाणी, मामाजी. जेवा आता." मग विचारायची, "पवळ्या जास्त चालायचा का ढवळ्या?" आबा अर्धा तास बोलायचे, जेवायचे, झोपायचे. काकूने किटवुड वाचला नव्हता. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकरांच्या 'अस्तु'मध्ये मोहन आगाशेंचे शास्त्री हत्तीच्या मागे निघून जातात, तेव्हा त्यांना सांभाळणारी अमृता सुभाषची माहूतीणही याच जातकुळीची. तिच्याकडे आजाराचं नाव नाही, पण समोरचा म्हातारा भुकेला आहे हे तिला कळतं.

पण सगळं काकूंवर सोडून कसं चालेल? 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या 7.4 टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना, डिमेन्शिया आहे. काकूला रात्रीची झोप कोण देणार, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला नाही. आबांचं ऐकू येणं कमी झालं होतं, चष्मा जुना होता. दोन्हींवर इलाज होता, पण 'चयलेल्या' माणसाला कानाचं मशीन कशाला, असंच चाललं.

आशाताई घरोघरी जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावं किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? 'हो' आलं तर डॉक्टरकडे पाठवायचं असतं. प्रश्न चांगला आहे. फक्त दारात उभ्या आशाताईला घरातून उत्तर येतं, "काही नाही ओ, बुढा चयला."