सुपारी आणि दौलतजादा

बाजारांत भाजीची जुडी घेतांना दोन पैसे कमी करून मागणें हा आपल्याकडे गृहस्थी शहाणपणाचा भाग समजतात. परंतु तीच भाषा कलावंतापुढें काढली तर ती असभ्य वाटते. गवयाची बिदागी, कीर्तनकाराची संभावना, भिक्षुकाची दक्षिणा यांच्या बाबतींत आपण ‘यथाशक्ति’ हा शब्द पुढें करून घासाघिशीचा प्रसंग टाळतों. मग पैसे देऊन जो नाच पाहावयाचा, त्याचें मोल पाहणारानें घासाघीस करून ठरवावें कीं नाहीं? सभ्य मनुष्य चटकन् ‘नाहीं’ म्हणेल. महाराष्ट्रांतील लावणी-तमाशाचा इतिहास पाहतां मला मात्र तें उत्तर पटत नाहीं. जेथें नाचाची बोली उघडपणें झाली, तेथें नाचणारीची अब्रू त्या मानानें सुरक्षित राहिली. आणि जेथें बोली नव्हती, केवळ औदार्य होतें, तेथेंच बहुधा तिचा सौदा झाला.

या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एका ठिकाणीं उभें राहून पाहावयाच्या असतील तर शिरूर तालुक्यांतील शिक्रापुराइतकी सोयीची जागा नाहीं. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील या गांवापासून एक फांटा चाकणकडे जातो आणि पुढें नाशिक रस्त्यास मिळून नारायणगांवास पोंचवितो. दुसरी वाट तळेगांव ढमढेरे, न्हावरें करीत दौंड तालुक्यांतील चौफुल्याकडे उतरते. नारायणगांव ही तमाशाची पंढरी. ढोलकीच्या फडांचे करार तेथें होतात. चौफुल्याचें नांव संगीत बारीच्या थिएटरांसाठीं प्रसिद्ध आहे. या टापूंतील ज्या गांवकऱ्यांना जत्रेसाठीं फड ठरवावयाचा, ते वरच्या वाटेनें जातात. ज्या रसिकाला, किंवा स्वतःस रसिक म्हणविणाराला, चार मित्रांसह बैठक बसवावयाची, तो खालच्या वाटेनें. सणसवाडी-रांजणगांवच्या कारखानदारीनें भोंवतालच्या खेड्यांत रोख पैसा आला, आणि खालची वाट अधिक वाहूं लागली असें म्हणतात. त्याचा निवाडा मी करीत नाहीं.

ही दोन गिऱ्हाइकें निर्माण होण्यापूर्वीं नाच पाहणारा एकच असे, आणि तो धनी असे. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्रीं कॅप्टन स्टाँटनची पलटण शिरूरहून निघाली, दुसरे दिवशीं कोरेगांवीं लढाई झाली, आणि जून १८१८ मध्यें दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन होऊन बिठुरास गेला. राजकीय इतिहासांत या घटनांचें महत्त्व सर्वांस ठाऊक आहे. लावणीच्या इतिहासांतहि तें कमी नाहीं. होनाजी बाळा, रामजोशी, अनंतफंदी, परशराम, प्रभाकर, सगनभाऊ हे शाहीर ज्या आश्रयाच्या उबेंत गाजले, ती ऊब त्या वर्षीं विझली.

त्या आश्रयाची रीत अशी, कीं धनी खूष झाला म्हणजे शालजोडी मिळावी, कडें मिळावें, पागोटें मिळावें. खूष न झाला तर हात जोडून परत यावें. मोल ठरविण्याचा प्रश्नच नव्हता, आणि म्हणून त्या काळाकडे आपण मोठ्या आदरानें पाहतों. परंतु त्याच पुण्यांत बटकी आणि कुणबिणी विकत घेतल्या जात, विकल्या जात, बक्षीस म्हणून दिल्या जात. पेशवाईच्या कागदांत त्याच्या नोंदी आहेत. नाटकशाळेंत नाचगाणें शिकविलेल्या स्त्रियांची स्थिति त्यांहून फारशी निराळी नव्हती. म्हणजे नाचाला किंमत नव्हती, पण नाचणारीला होती. गुलामगिरीचा कायदेशीर आधार हिंदुस्थानांत १८४३ च्या कायद्यानें गेला. पण नाचणारी स्त्री ही कोणाची तरी असावयाची, ही समजूत कायद्यानें जाणारी नव्हती.

आश्रय गेल्यावर फड जत्रांत उतरले आणि पुढें मुंबईच्या गिरणगांवांत शिरले. सुपारी आली, तिकीट आलें. एका धन्याऐवजीं हजार प्रेक्षक आले, आणि प्रत्येकाच्या खिशांत थोडें थोडें होतें. कुलकर्णीपण सोडून फडांत गेलेले पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) आणि त्यांच्यासह गाजलेल्या पवळाबाई हिवरगांवकर हीं या नव्या बाजाराचीं अपत्यें. बाजारानें बापूरावांना कीर्ति दिली, पैसाहि दिला. पण तो राहिला नाहीं, आणि शेवटचे दिवस पुण्यांत विपन्नावस्थेंत गेले. अवचित येणारा पैसा अवचित जातो, हें तमाशाच्या धंद्यांत एका बापूरावांपुरतें खरें नाहीं.

आतां वरच्या वाटेनें नारायणगांवास जाऊं. चैत्री जत्रांचा हंगाम जवळ आला म्हणजे तेथें फडांच्या राहुट्या ओळीनें उभ्या राहतात. बाहेर फडाच्या नांवाचा फलक. आंत मॅनेजर आणि ठरलेल्या तारखांची वही. गांवोगांवच्या जत्रा-समित्यांचे लोक येतात. एका राहुटींत आंकडा ऐकतात, दुसरींत तो कमी करून सांगतात आणि तिसरींत चहा घेतात. फडांत माणसें किती, नाचणाऱ्या किती, वग कोणता, रात्रीच्या खेळाबरोबर दुसऱ्या सकाळची हजेरी धरली आहे कीं तिचे निराळे द्यावयाचे, अशी एकेका कलमावर तास तास बोलणीं चालतात. भाव ठरतो तो मुख्यतः तिथीवर. चैत्री पौर्णिमेस किंवा अक्षय्य तृतीयेस दहा गांवांची जत्रा असते, आणि फड तर एका रात्रीं एकाच गांवीं उभा राहूं शकतो. म्हणून त्या तारखांचा आंकडा चढतो आणि मोकळ्या तारखेस तोच फड पुष्कळ कमींत मिळतो. जमलें म्हणजे विसार दिला जातो आणि करार लिहिला जातो.

ही घासाघीस पाहून कोणाचा अपमान झाला असें मला वाटत नाहीं. गांवाला तारीख हवी असते, फडाला काम हवें असतें. आणि मुख्य गोष्ट ही, कीं दोघांनाहि उठून जातां येतें. बोली फडाच्या खेळाची होते, कोणा एका बाईची नव्हे. आणि ती दिवसाउजेडीं, चारचौघांच्या समक्ष होते. विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर (१९३५–२००२) यांच्यासारख्या कलावतीचें स्वतःचें नांव फडाच्या फलकावर लागलें, तेव्हां तर विकणारी आणि नाचणारी एकच झाली. पेशव्यांच्या नाटकशाळेंतील कोणत्याहि बाईला ‘एवढ्यांत परवडत नाहीं’ असें म्हणण्याची सोय नव्हती. विठाबाईंना ती होती. राष्ट्रपतींच्या हस्तें गौरव झालेल्या या बाईंचींहि अखेरचीं वर्षें ओढाताणींतच गेलीं, हें येथें विसरतां येत नाहीं.

कारण सुपारींतून येणारा पैसा नाचणारीच्या हातीं पोंचेपर्यंत त्याला अनेक वाटा फुटतात. हंगामाच्या आरंभीं फडमालक कर्ज काढून कलावंतांना उचल देतो. कलावंत उचल फेडीत हंगामभर नाचतात आणि मालक व्याज फेडीत हंगामभर फिरतो. समितीनें सुपारी फार खालीं आणली, तर ती तूट सावकार सोसत नाहीं. ती उतरत उतरत शेवटीं जिला फड सोडून जातां येत नाहीं तिच्यावर येते. घासाघिशीवरचा खरा आक्षेप हा आहे, आणि त्याला माझ्यापाशीं पुरें उत्तर नाहीं. इतकें मात्र खरें, कीं करार लेखी असला म्हणजे निदान किती आलें हें सर्वांस कळतें, आणि किती मिळालें हें विचारतां येतें.

दौलतजादा याच्या अगदीं उलट. नाच रंगांत आला म्हणजे प्रेक्षक नोट काढतो, हात उंच धरतो. देणाराचें नांव पुकारलें जातें, आणि त्याच्या फर्माइशीची लावणी पुन्हां होते. धन्याची दौलत ज्यादा होवो असा आशीर्वादच त्या शब्दांत आहे, असें सांगतात. येथें बोली होत नाहीं. देणारा पाहिजे तेवढें देतो, आणि त्याबद्दल काय मिळावयाचें हेंहि ठरलेलें नसतें. न ठरलेलें असल्यामुळेंच तो पाहिजे तें मागूं लागतो: नोट देतांना हात धरावा, जवळ बोलवावें, खेळ संपल्यावर भेटीची अपेक्षा करावी. ठरलेल्या पैशांत ठरलेलें घ्यावें लागतें. उधळलेल्या पैशाला अशी मर्यादा राहत नाहीं. ज्याला भाव विचारावयाची लाज वाटते आणि नोट उधळावयाची वाटत नाहीं, त्या गृहस्थाच्या सभ्यतेबद्दल मला शंका येते. उलट बाजूनें हेंहि सांगितलें पाहिजे, कीं कित्येक घरांच्या चुली या उधळलेल्या पैशावर चालल्या आहेत, आणि चतुर कलावती त्याच नोटेवर गिऱ्हाइकाला चार हात दूर बसविते. दौलतजादा एका रात्रींत बंद करा म्हणणारे लोक त्या चुलीचा विचार करीत नाहींत.

चौफुल्याच्या वाटेवर हा प्रश्न अधिक बिकट होतो. संगीत बारींत बैठकीचे पैसे ठरवून घेतले जातात, आणि बसणारा तेथें घासाघीस करतो तेव्हां समोर फडाचा मॅनेजर नसतो. बारींतील वडीलधारी बाई असते, आणि नाचणारी तिची मुलगी किंवा भाची असूं शकते. घरची जिणसच जणूं मोलाला लागली आहे असा रंग त्या बोलण्याला चढतो. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथनांत बाईच्या कमाईवर घरांतील पुरुष कसे जगतात आणि तिचा ‘चिरा’ उतरविण्याची रक्कम कशी ठरते, हें ज्यांनीं वाचलें असेल, त्यांना या वाक्यांत अतिशयोक्ति वाटणार नाहीं. आणि तरीहि याच समाजांतून आलेल्या वाईच्या यमुनाबाई वाईकर यांनीं बसल्या जागीं केवळ मुद्रेनें आणि आवाजानें बैठकीची लावणी इतक्या उंचीवर नेली, कीं १९७५ मध्यें संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ मध्यें पद्मश्री त्यांच्याकडे चालत आली.

सरकारानें या व्यवहारांत हात घातला तो बहुधा मोलापेक्षां शीलाच्या काळजीनें. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळानें तमाशावर बंदी घातली. पुढें वगाची संहिता तपासून घेण्याच्या अटीवर फडांना वाट मिळाली. २००५ मध्यें महाराष्ट्रानें मुंबईचे व इतरत्रचे डान्स बार बंद केले. उच्च न्यायालयानें २००६ मध्यें ती बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानें २०१३ मध्यें तो निर्णय कायम ठेविला, आणि राज्यानें २०१६ मध्यें केलेल्या नव्या कायद्यावर १७ जानेवारी २०१९ रोजीं पुन्हां निकाल दिला. त्या निकालांत आमच्या विषयाचें मर्म आलें आहे. नाचणारीवर नोटा उधळण्याची मनाई न्यायालयानें राहूं दिली; पण तिला बक्षीस देण्याची मोकळीक ठेविली. कामाचा करार लेखी असावा हेंहि मान्य केलें. हातीं देणें आणि अंगावर फेंकणें यांतला भेद नारायणगांवच्या कोणत्याहि मॅनेजरास कायदा न वाचतां कळला असता.

तेव्हां भाव करावा, पण जो विकावयास बसला आहे त्याच्याशीं करावा, खेळापूर्वीं करावा, आणि त्यास ‘नाहीं’ म्हणतां येईल अशा ठिकाणीं करावा. नाच सुरू झाल्यावर पायांत चाळ बांधलेल्या बाईशीं करावयाची ती गोष्ट नव्हे.

२५ मार्च २०२० रोजीं गुढीपाडवा होता, आणि त्याच दिवशीं देशभर टाळेबंदी सुरू झाली. हंगाम ऐन तोंडाशीं आला असतां जत्रा रद्द झाल्या, पुढच्या वर्षींहि तसेंच झालें. उचल दिलेली, कर्ज काढलेलें, आणि फड जागच्या जागीं. दौलतजादा करणारे दाते त्या दोन वर्षांत फडांच्या दारीं फारसे दिसले नाहींत. २ एप्रिल २०२२ रोजीं, तोहि पाडवाच, राज्यांतील निर्बंध उठले. आणि जत्रा-समित्यांचे लोक पुन्हां नारायणगांवास जाऊन चैत्री पौर्णिमेच्या आंकड्यावर मॅनेजरांशीं हुज्जत घालूं लागले.