सस्पेन्शन की हवा? पोर्शे ९१७ च्या स्थैर्याचा प्रश्न (१९६९-७०)

शर्यतीची गाडी अस्थिर असल्यास दोष प्रथम सस्पेन्शनमध्ये शोधावा, असा रूढ संकेत आहे. पोर्शे ९१७ च्या इतिहासात तो अपुरा ठरला. १९६९ साली आलेली ही ४.५ लिटर, १२ सिलिंडरची गाडी भरवेगात इतकी भरकटे की कसलेले चालकही ती चालविण्यास नाखूष असत. त्याच वर्षी ल मान्सच्या पहिल्याच फेरीत जॉन वुल्फ हे हौशी चालक तिच्यात मृत्युमुखी पडले. वास्तविक तिच्या शेपटीवरील फ्लॅप सस्पेन्शनच्या हालचालीशी जोडलेले होते. निर्मात्यांना हवेचे भान नव्हते, असे म्हणता येत नाही.

ऑक्टोबर १९६९ मध्ये ऑस्ट्रियातील त्सेल्टवेगच्या चाचणीत जॉन वायर यांच्या संघातील अभियंता जॉन हॉर्समन यांना दिसले, की गाडीच्या पुढील भागावर मेलेली चिलटे चिकटली आहेत, शेपटी मात्र स्वच्छ आहे. याचा अर्थ, हवा शेपटीला स्पर्शतच नव्हती. ॲल्युमिनियमचे पत्रे जोडून शेपटी आखूड व उंच केली गेली आणि गाडी स्थिरावली. (चिलटांची ही कथा पुढे फारच लोकप्रिय झाली.) मागील चाकांवर हवेचा पुरेसा दाब आल्यानंतरच स्प्रिंग व डॅम्परच्या सूक्ष्म जुळणीला अर्थ उरला.

जून १९७० मध्ये हान्स हेरमान व रिचर्ड ॲटवुड यांनी आखूड शेपटीच्या ९१७ मधून ल मान्स जिंकली. ॲटवुड यांनी आदल्या वर्षी तेथेच लांब शेपटीची ९१७ चालविली होती.