धर्मगुरूच्या शेजारची खुर्ची

निवडणुकीचे वारे वाहू लागले की मठ, मंदिरे, दर्गे आणि चर्च यांच्या पायऱ्या पुढाऱ्यांच्या पावलांनी झिजू लागतात. एखादा गुरू जितका लोकप्रिय, तितकी त्याच्या शेजारच्या खुर्चीसाठी चढाओढ अधिक. तो गुरू वादग्रस्त असला, त्याच्या मुखातून एखाद्या समाजाविषयी विखार बाहेर पडत असला, तरी पुढाऱ्याचे उत्तर ठरलेले असते: आपण केवळ आदरापोटी गेलो होतो, गुरूंच्या मतांशी आपला काही संबंध नाही. हे उत्तर मान्य करावे काय?

या प्रश्नाचा विचार करताना दुसऱ्याच्या अंगणाकडे बोट दाखवणे सोपे असते. म्हणून आम्ही आमच्याच घरातले एक प्रकरण वाचकांपुढे ठेवीत आहोत. ते घडले अमेरिकेत, १९२६ ते १९४२ या काळात. त्याचा नायक म्हणा वा खलनायक म्हणा, एक कॅथलिक धर्मगुरू होता. आणि तोही आमच्यासारखाच एका धर्मग्रामाचा प्रमुख.

रेडिओवरील प्रवचनकार

फादर चार्ल्स कॉग्लिन यांचा जन्म २५ ऑक्टोबर १८९१ रोजी कॅनडातील हॅमिल्टन या शहरी झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या हक्कांविषयीचे 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक प्रसृत केले होते. पुढे याच परिपत्रकाच्या आधाराने या धर्मगुरूची कीर्ती उभी राहिली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९१६ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. १९२६ साली डेट्रॉइट शहरालगतच्या रॉयल ओक या वस्तीत, बाळ येशूच्या संत तेरेजाच्या नावे एक नवे धर्मग्राम त्यांच्याकडे सोपवण्यात आले. मुलूख मोटारींच्या कारखान्यांचा, वस्ती तुरळक, चर्चच्या डोक्यावर कर्ज. त्या काळी मिशिगन राज्यात 'कू क्लक्स क्लान' या कॅथलिकद्वेष्ट्या गुप्त संघटनेचाही जोर होता. अशा स्थितीत १७ ऑक्टोबर १९२६ रोजी फादर कॉग्लिन स्थानिक रेडिओ केंद्रावरून प्रथम बोलले. सुरुवातीची ती भाषणे मुलांसाठी होती, धर्मशिक्षणाच्या वर्गासारखी.

१९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला. कारखाने बंद पडले, बँका बुडाल्या, धडधाकट माणसे भाकरीसाठी रांगा लावू लागली. फादरांचा विषय बदलला. कामगाराला कुटुंब पोसता येईल एवढे वेतन मिळालेच पाहिजे, राष्ट्राचा पैसा मूठभर धनिकांच्या मुठीत राहता कामा नये, असे ते पोटतिडकीने सांगू लागले. 'रेरूम नोव्हारूम' आणि पोप अकरावे पायस यांचे १९३१ सालचे 'क्वाद्राजेसिमो आन्नो' ही परिपत्रके त्यांनी सामान्य माणसाच्या स्वयंपाकघरापर्यंत नेऊन पोहोचवली. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. भुकेल्या माणसाच्या बाजूने बोलणारा धर्मगुरू त्याला आपला वाटतो, आणि तसे वाटण्यात भुकेल्या माणसाचा काही दोष नाही.

१९३० पासून त्यांचा आवाज देशभर ऐकू जाऊ लागला. मोठ्या रेडिओ कंपनीने पुढच्याच वर्षी त्यांना दूर केले, तेव्हा त्यांनी केंद्रांची स्वतंत्र साखळी जोडली. त्यांच्या श्रोत्यांचा अंदाज ३ कोटींपर्यंत केला जात असे. अमेरिकेची लोकसंख्या तेव्हा सव्वाबारा कोटींच्या आसपास होती.

दोघांचा व्यवहार

एवढा जमाव ज्याच्या आवाजाखाली आहे, त्याच्याकडे राजकारणी वळले नसते तरच नवल. १९३२ साली फ्रँकलिन रूझवेल्ट अध्यक्षपदासाठी उभे राहिले. फादर कॉग्लिन यांनी त्यांचा जोरदार पुरस्कार केला. रूझवेल्ट यांना निवडा, नाही तर सर्वनाश ओढवेल, अशा अर्थाची घोषणाच त्यांनी रूढ केली. रूझवेल्ट निवडून आल्यावर त्यांचा 'न्यू डील' हा कार्यक्रम म्हणजे साक्षात ख्रिस्ताचाच कार्यक्रम होय, असे फादर सांगू लागले. १९३३ साली लंडनच्या जागतिक अर्थ परिषदेला या धर्मगुरूला सल्लागार म्हणून पाठवावे, असे विनंतीपत्र काँग्रेसच्या अनेक सदस्यांनी अध्यक्षांना दिले. १९३४ च्या जानेवारीत काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना फादरांनी अध्यक्षांना प्रत्यक्ष परमेश्वरच वाट दाखवीत असल्याची ग्वाही दिली.

या मैत्रीत दोघांनीही काही दिले आणि काही घेतले. पुढाऱ्याला मते मिळाली, त्याच्या कार्यक्रमाला पावित्र्याची झालर मिळाली. धर्मगुरूला काय मिळाले? त्याला प्रतिष्ठा मिळाली. रॉयल ओकच्या प्रवचनकाराचे मत हे एका प्रवचनकाराचे मत न राहता राष्ट्राध्यक्षांच्या मित्राचे मत ठरले. रूझवेल्ट मनातून साशंक होते, तरी त्यांनी त्यांना जवळ ठेवले. १९३२ च्या रूझवेल्ट यांना १९३८ चे कॉग्लिन दिसणे शक्य नव्हते, हे आम्ही न्यायाने मान्य करतो. परंतु एक गोष्ट तेव्हाही दिसत होती. एका पक्षाच्या अर्थविषयक कार्यक्रमाला ख्रिस्ताचे नाव लावले जात होते. ज्याच्या हाती असे नाव जोडण्याचा अधिकार आपण देतो, त्याच्याच हाती ते उद्या दुसऱ्या कशालाही जोडण्याचा अधिकार जातो.

फादर अपेक्षेबाहेर जाऊ लागले तेव्हा खुर्ची मागे ओढली गेली. चलनात चांदी आणावी असा प्रचार ते करीत होते. १९३४ च्या एप्रिलमध्ये सरकारी खजिन्याने चांदीच्या वायद्यांत गुंतलेल्यांची यादी जाहीर केली, तेव्हा त्यांच्याच रेडिओ संस्थेच्या पैशातून ५ लाख औंस चांदीचे वायदे झाल्याचे उघड झाले. पण आवाज एव्हाना खुर्चीचा मिंधा उरला नव्हता. १९३५ च्या जानेवारीत अमेरिकेने जागतिक न्यायालयात सामील व्हावे, असा ठराव सिनेटपुढे होता. फादरांनी श्रोत्यांना तारा पाठवण्याचे आवाहन केले, आणि तारांचा पाऊस पडला. विरोधात इतरही शक्ती होत्या. तरी ५२ विरुद्ध ३६ मते पडून, दोन तृतीयांश बहुमताला ७ मते कमी पडली, यात त्या आवाजाचा वाटा मोठा होता. रूझवेल्ट यांचा प्रस्ताव त्यांच्या जुन्या मित्रानेच पाडण्यास हातभार लावला होता.

१९३६ साली फादरांनी 'युनियन पार्टी'च्या विल्यम लेम्के यांना पाठिंबा दिला. आता दुसरे पुढारी त्यांच्या शेजारी बसू लागले. जुलैमध्ये क्लीव्हलँड येथील सभेत अंगातील कोट आणि गळ्यातील धर्मगुरूची पट्टी काढून त्यांनी राष्ट्राध्यक्षांना खोटारडे व विश्वासघातकी म्हटले. पुढे त्यांनी जाहीर माफी मागितली, परंतु प्रचार थांबवला नाही. लेम्के यांना ९० लाख मते मिळवून देईन, नाही तर रेडिओ सोडीन, असे त्यांनी सांगितले होते. प्रत्यक्षात ९ लाखही मिळाली नाहीत. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्ये जिंकून निवडून आले. बहुसंख्य कॅथलिकांनी प्रवचन ऐकले आणि मत मात्र आपल्या बुद्धीने दिले. आमच्या वर्गाला वाटते तेवढे प्रापंचिक भोळे नसतात, हा या कथेतील आम्हांला सर्वाधिक दिलासा देणारा भाग आहे. फादरांनी रेडिओ सोडला खरा, पण थोड्याच आठवड्यांत ते परत आले.

चार दिवसांचे अंतर

९ व १० नोव्हेंबर १९३८ च्या रात्री हिटलरच्या जर्मनीत यहुदी समाजावर संघटित हल्ले झाले. शेकडो सभास्थाने जाळण्यात आली, दुकाने फोडण्यात आली, सुमारे ३०,००० यहुदी पुरुषांना पकडून नेण्यात आले. यानंतर अमेरिकन कॅथलिकांचे दोन आवाज रेडिओवरून ऐकू आले. त्यांच्यात अंतर होते अवघ्या चार दिवसांचे.

१६ नोव्हेंबर रोजी अमेरिकेच्या कॅथलिक विद्यापीठाच्या पुढाकाराने एक कार्यक्रम प्रसारित झाला. सॅन फ्रान्सिस्कोचे आर्चबिशप जॉन मिटी, अन्य बिशप आणि विद्यापीठाचे प्रमुख त्यात बोलले. त्यांच्या जोडीला एक राजकारणीही होता: न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर आणि १९२८ सालचे अध्यक्षपदाचे कॅथलिक उमेदवार अल स्मिथ. त्या सर्वांनी जर्मनीतील अत्याचाराचा धिक्कार केला. ज्यांच्यासाठी ते बोलत होते ते त्यांच्या धर्माचे नव्हते.

२० नोव्हेंबर रोजी फादर कॉग्लिन बोलले. यहुद्यांवरील अत्याचाराला त्यांनी साम्यवादाविरुद्धच्या प्रतिक्रियेचे रूप दिले आणि दोषाचे माप बळींच्याच पदरात घातले. त्यांच्या 'सोशल जस्टिस' या साप्ताहिकात त्याच वर्षी 'प्रोटोकॉल्स' नावाचा यहुदीविरोधी मजकूर छापला जात होता. हा मजकूर बनावट असल्याचे लंडनच्या 'टाइम्स'ने १९२१ सालीच उघडकीस आणले होते. न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्राने त्यानंतर त्यांची भाषणे नाकारली. डिसेंबरमध्ये शिकागोचे कार्डिनल मंडेलाइन यांनी स्पष्ट केले की, फादर कॉग्लिन यांना कॅथलिक ख्रिस्तसभेच्या वतीने बोलण्याचा अधिकार नाही.

हे शब्द योग्य होते, पण उशिरा आले होते. त्यांचे बिशप मायकल गॅलघर १९३७ च्या आरंभी मृत्यू पावेपर्यंत त्यांची पाठराखण करीत राहिले होते. दरम्यान 'ख्रिश्चन फ्रंट' या नावाखाली त्यांचे अनुयायी संघटित झाले. न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या रस्त्यांवर यहुदी मुलांना मारहाण होऊ लागली. १९३२ च्या मैत्रीची किंमत ना पुढाऱ्याने पुरती मोजली, ना धर्मगुरूने. ती मोजली शाळेतून घरी परतणाऱ्या या मुलांनी.

१९४० पर्यंत त्यांची रेडिओवरील भाषणे थांबली. १९४२ च्या एप्रिलमध्ये सरकारने त्यांच्या साप्ताहिकाला टपाल बंद केले, आणि मे महिन्याच्या आरंभी आर्चबिशप एडवर्ड मूनी यांनी त्यांना राजकीय कार्य सोडण्याचा आदेश दिला. फादरांनी तो पाळला. १९६६ पर्यंत ते रॉयल ओक येथेच मिस्साबली अर्पण करीत राहिले. २७ ऑक्टोबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी, १९६५ साली, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने यहुद्यांच्या द्वेषाचा स्पष्ट निषेध केला होता.

कसोटी कोणती?

यावरून पुढाऱ्यांनी आणि धर्मगुरूंनी एकमेकांचे तोंडही पाहू नये, असा निष्कर्ष कोणी काढील. आम्ही तो काढीत नाही. १६ नोव्हेंबरचा कार्यक्रम हेही एक सामायिक व्यासपीठच होते. दोन व्यासपीठांतील भेद असा: एकावर दोघेही आपल्या लाभाविना तिसऱ्याच्या रक्षणासाठी उभे होते, दुसऱ्यावर दोघांनाही लाभ होता आणि तिसऱ्याचा बळी जात होता.

भेद नेहमी इतका स्वच्छ नसतो, हेही सांगितले पाहिजे. १९३६ च्या ऑक्टोबरात मोन्सिन्योर जॉन रायन यांनी रेडिओवरून कॉग्लिन यांचे आरोप खोडून रूझवेल्ट यांची बाजू मांडली. वेतनाच्या न्यायासाठी आयुष्य वेचलेला हा विद्वान. त्यांचे मुद्दे खरे होते. पण ते भाषण रूझवेल्ट यांच्या पक्षाच्या प्रचाराचा भाग होते, आणि पुढच्या जानेवारीत अध्यक्षांच्या शपथविधीत आशीर्वादाची प्रार्थना त्यांनीच म्हटली. खरे बोलणाऱ्यालाही खुर्ची मिळते, आणि ती मिळाली की त्याच्या खरेपणावर संशयाची सावली पडतेच. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील २८७ वे कलम धर्मगुरूंना राजकीय पक्षांत सक्रिय भाग घेण्यापासून परावृत्त करते. ख्रिस्तसभेच्या हक्कांचे रक्षण किंवा सर्वांचे हित यांसाठी अधिकाऱ्यांना आवश्यक वाटले तरच अपवाद करते. या सावलीची जाण त्या कलमामागे असावी.

आपल्या देशात १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार धर्माच्या नावे मत मागणे हा भ्रष्ट आचार ठरतो. २०१७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने या तरतुदीची व्याप्ती वाढवली. तरीही कायदा उच्चारलेले शब्द पकडतो. मुकाट्याने शेजारी बसणे त्याच्या हाती लागत नाही. ते तोलण्याचे काम नागरिकांचे आहे. जो पुढारी वादग्रस्त गुरूच्या भेटीस जातो, त्याने त्या जमावाला न रुचणारे एक तरी सत्य तेथेच, त्या गुरूच्या समक्ष उच्चारले काय, एवढे पाहावे. उच्चारले असेल तर त्याचे जाणे सार्थ झाले. मौन पाळून हार स्वीकारला असेल, तर मतांशी संबंध नसल्याचा नंतरचा खुलासा निरर्थक आहे. तो हार त्या मतांसकटच गळ्यात पडलेला असतो.

हीच कसोटी आमच्या दारातही लागू आहे. सणाच्या दिवशी पुढारी चर्चमध्ये आला, तर त्याला कोणी अडवू नये. बाकावर जागा आहे, तीच सर्वांना आहे, आणि परमेश्वरासमोर तिच्याहून मोठी जागा नाही. वेदीजवळ वेगळी खुर्ची मांडण्यापूर्वी मात्र धर्मग्रामाने रॉयल ओकची आठवण ठेवावी आणि विचारावे, ही खुर्ची आपण कोणाच्या वाटणीतून काढून देत आहोत?